राजारामपुरीतला सेल्फ डिफेन्सचा क्लास: आवाज परत मिळाला, मनगट अजून दुखतंय

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर रंकाळ्यावर माझ्या गळ्यातली चेन गेली. दीड तोळ्याची. खरं तर अर्धीच गेली, तुटलेला तुकडा ब्लाउजात अडकून राहिला होता, तो घरी आल्यावर सापडला. शालिनी पॅलेसच्या बाजूनं एकटीच चालत होते, दिवे नुकते लागले होते. मोटरसायकलवरून दोघं आले. मागच्यानं विचारलं, "मावशी, अंबाई टँक कुठं आलं ओ?" आपण कोल्हापूरची माणसं. पत्ता विचारला की नुसता सांगून थांबत नाही, जमलं तर सोडूनही येतो. मी अख्खा हात लांब करून दाखवला. पुढचं सगळं एका झटक्यात झालं.

गाडी दिसेनाशी झाली तरी माझा हात तसाच वर, अंबाई टँककडं. तोंडातून साधा 'ए' सुद्धा निघाला नाही.

मी एका पतसंस्थेत कॅशवर बसते, बावीस वर्षं झाली. फाटकी नोट गपचूप आत सरकवणाऱ्याला काचेआडून असा आवाज देते की रांगेतला शेवटचा माणूसही आपल्या नोटा तपासायला लागतो. चेनचं दुःख महिनाभरात ओसरलं. पण त्या दिवशी माझा आवाज कुठं गेला होता, हे काही डोक्यातून जाईना. त्यासाठी हा क्लास लावला. दोन महिने पुरे झाले, आता लिहायला हरकत नाही.

त्याआधी एक फुकटचा अनुभव घेऊन झाला होता, तोही सांगते. एका संस्थेनं महिला दिनाला दोन तासांचं शिबिर ठेवलं होतं. दीडदोनशे बायका, स्टेजवर पाहुणे, भाषणं चाळीस मिनिटं. उरलेल्या वेळात एका पोरानं कौलं फोडली, आणि आम्हाला बोटांच्या बेचक्यात किल्ल्या धरून ठोसा मारायला शिकवलं. मग ओळीनं उभं करून प्रमाणपत्र, फोटो, वडा-चहा. राजारामपुरीतल्या क्लासमध्ये मॅडमनी त्याच किल्ल्या माझ्या बोटांत धरायला लावून पॅडवर मारायला सांगितलं. किल्ली फिरली आणि माझंच बोट सोललं. "बघितलं?" एवढंच म्हणाल्या. त्या प्रमाणपत्राचं लॅमिनेशन मात्र छान आहे, अजून कपाटावर आहे.

तर हा क्लास. पिठाच्या गिरणीवर पहिला मजला, बोर्ड धड दिसत नाही, जिना चढतानाच ज्वारीच्या पिठाचा वास येतो. गिरण चालू असली की पायाखालच्या मॅट गुरगुरतात. आठवड्यातून तीन दिवस, सोम-बुध-शुक्र, साडेसहा ते पावणेआठ. आठ आठवड्यांचे 3,500 रुपये, वर टी-शर्टचे 450, आणि तो त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. बॅचला आम्ही चौदा जणी. सगळ्यात लहान सतरा वर्षांची, मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचा अभ्यास करणारी. सगळ्यात मोठ्या एकसष्ट वर्षांच्या निवृत्त बाई, मराठी शिकवायच्या. माझी लेकही येते. खरं तर तिचंच नाव घालायला गेले होते, तर काउंटरवरच्या मुलीनं "तुम्ही नाही का, काकू?" म्हटलं आणि मला ते लागलं.

मॅडम जुन्या ज्युदो खेळाडू. त्यांच्यासोबत एक पोरगा असतो, तो अंगभर जाड पॅडिंग घालून हल्लेखोर होतो. कुस्तीत माती आणि गादी असे दोन गट असतात ना, तसं आम्ही त्याचं नाव 'गादी' ठेवलंय. बिचारा आठ आठवडे चौदा बायकांचा मार खातो आणि प्रत्येकीला "लागलं का हाताला?" विचारतो.

पहिल्या दिवशी वाटलं, ठोसे-लाथा शिकवतील. त्यांनी नुसतं ओरडायला लावलं. गादी समोरून चालत येणार, आपण दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरायचे, एक पाय मागं, आणि म्हणायचं, "मागं हो!" बस. ऐकायला पोरखेळ वाटतो. चौदांतल्या अकरा जणींचा आवाज निघाला नाही. निवृत्त बाई म्हणाल्या, "अहो, जरा मागं सरता का?" माझा निघाला तो उंदरासारखा. लेक खो खो हसली आणि तिची पाळी आली तेव्हा तिचाही तसाच.

मॅडमनी कारण सांगितलं ते मला पटलं. भीती वाटली की माणूस श्वास आत ओढतो आणि धरून ठेवतो. धरलेल्या श्वासावर आवाज कुठला निघणार? म्हणून आधी श्वास सोडायला शिकायचं. तोंडानं मोठा उच्छ्वास, त्याच्यावर शब्द चढवायचा. ओरडणं हे समोरच्याला घाबरवायला तर असतंच, पण त्याच्याआधी ते स्वतःचं गोठलेलं अंग सोडवायला असतं. शब्दही ठरलेला ठेवायचा, छोटासा, घरात सवयीचा असलेला. पुण्याची माझी वहिनी आली असती तर 'मागे व्हा' म्हणाली असती. ती तशीही आम्हाला हसते, आमच्या पोरी 'मी जातो, मी येतो' म्हणतात म्हणून. माझा शब्द 'ए, मागं सर!' आहे.

तिसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. लाईट गेली, खालची गिरण थांबली, आणि नेमक्या त्याच क्षणी आम्ही चौदा जणींनी एकदम आवाज दिला. दोन मिनिटांत गिरणीवाले काका कोपरापर्यंत पिठानं पांढरे झालेले हात घेऊन धावत वर आले, मागं दळण घेऊन आलेली दोन गिऱ्हाइकं. "काय झालं ओ?" मॅडम म्हणाल्या, "काही नाही काका, पास झाल्या."

या क्लासमधला मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे कुलपाचा. तीस उठाबशा काढायच्या, जागेवर एक मिनिट धावायचं, मग गादी मागून अंगावर ओरडत येणार आणि तेवढ्यात पर्समधून किल्ली काढून टेबलावरचं कुलूप उघडायचं. मी दिवसाला लाखांची रोकड मोजणारी बाई. पाचशेच्या बंडलात एक नोट कमी असली तर अंगठ्याला कळतं. आणि त्या दिवशी ती एवढीशी किल्ली भोकात जाईना. हात थरथरत होते, भोकं दोन दिसत होती, मागून मॅडम काय सांगतायत ते ऐकूच येत नव्हतं. अकरा सेकंद लागली असं लेक म्हणाली. मला पाच मिनिटं वाटली.

अॅड्रेनॅलीन म्हणतात ते हे, भीतीच्या वेळी अंगात सुटणारं रसायन. छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडं धावतं, बोटं गार पडतात, नजर बोगद्यातून बघितल्यासारखी होते, कानांना दडे बसतात. बोटांची नाजूक कामं जातात. ढकलणं, पळणं, गुडघा मारणं असली ढोबळ कामं मात्र राहतात. मी रंकाळ्यावर बावळट ठरले नव्हते, माझं शरीर शरीरासारखं वागलं होतं, हे तिथं टेबलासमोर उभी असताना कळलं. डोळ्यांत पाणी आलं, घामात खपून गेलं.

यातून दोन कामाच्या गोष्टी मी लगेच केल्या. एक, फोनचं पॅटर्न उघडून, नंबर शोधून फोन लावणं त्या वेळी जमणार नाही, म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आपत्कालीन कॉलचं बटण चालू केलं. पॉवरचं बटण पटापट दाबलं की 112 ला फोन जातो. प्रत्येक फोनमध्ये ते वेगळं असतं, आपलं आपण बघून ठेवा. दोन, घराची किल्ली पर्सच्या तळातून काढून बाहेरच्या कप्प्यात आणली.

अंगाच्या तयारीबद्दल. माझं वय सत्तेचाळीस, वजन सांगत नाही, गुडघा उजवा कुरकुरतो. इथं कुणी पोट सपाट करायला जाणार असेल तर जाऊ नये. मॅडमचा हिशोब साधा आहे. तीस सेकंद पूर्ण जोरानं धडपडता आलं पाहिजे आणि शंभर पावलं पळता आलं पाहिजे, कारण सुटल्यावर पळायचंच आहे. पहिल्या आठवड्यात मी पॅडवर दहा सेकंद मारून खाली बसले. घरी रोज जिना, भिंतीला टेकून उठाबशा आणि भरभर चालणं दिलं होतं. आठव्या आठवड्यात पंचवीस सेकंद झाली. तीस काही झाली नाहीत.

एक दिवस सगळ्यांनी रोजच्या कपड्यांत यायचं होतं. मी साडी आणि पायात कापशी, म्हणजे कोल्हापुरी चप्पल. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं. तिसऱ्या पावलाला एक चप्पल मागं, पाचव्याला निऱ्या पायात. तेव्हापासून दोन पायांनी चपला भिरकावून निऱ्या एका मुठीत धरून पळायचा सराव करते. हसू येतं, पण मी घरातून बाहेर पडते ती साडीतच, त्यांच्या 450 च्या टी-शर्टात नाही.

आणि पडायला शिकवतात. मागं पडताना हनुवटी छातीला, पाठ गोल, दोन्ही हात बाजूला सपकन जमिनीवर. डोकं आपटत नाही. हे शिकताना मला आजोबांची फार आठवण आली. ते तालमीतले. लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती कशी मऊ करायची, हे ते आम्हाला ताटावर बसून सांगायचे. खासबागेत बसून कुस्त्या बघितल्याच्या त्यांच्या गोष्टी संपायच्या नाहीत. 1912 चं मैदान, शाहू महाराजांनी बांधलेलं, कुठंही बसा, आखाडा स्वच्छ दिसतो. आजी बदाम वाटून थंडाई करायची. पण तालमीच्या उंबऱ्याच्या आत आम्हा पोरींचं पाऊल कधी पडलं नाही. आखाड्याच्या गावात जन्मून मला पडायचं कसं हे कळायला सत्तेचाळीस वर्षं आणि एक गिरण लागली.

"मग मर्दानी खेळच का नाही शिकलात?" हे मला पेठेतल्या चार जणांनी विचारलंय. शिका की! लाठी, भाल्याची बोथाटी, ढाल-काठीचा फरी-गदका, सगळं अजून आपल्याकडं शिकवतात. दांडपट्ट्याला तर 2024 मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला. दम, नजर, पायांची चाल यांत त्या पोरी आमच्या कितीतरी पुढं आहेत. फक्त माझ्या पर्समध्ये पट्टा बसत नाही.

डाव म्हणाल तर दोन महिन्यांत सहाच शिकवले, त्यांतले काही सांगते. मनगट धरलं तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हिसका द्यायचा, पकड तिथंच कच्ची असते. मूठ वळण्यापेक्षा तळहाताच्या खालच्या गादीनं नाकावर-हनुवटीवर मारायचं, बोटं मोडत नाहीत. केस धरले तर त्याचाच हात दोन्ही हातांनी डोक्याशी दाबून धरायचा, म्हणजे ओढ बसत नाही. खाली पडलो तर पाय त्याच्याकडं ठेवायचे आणि कंबर सरकवत राहायचं. सहाच, पण एकेक शे-दोनशे वेळा. लेकीला कंटाळा आला, मला नाही. नोटा मोजायची सवय आहे.

सुऱ्याचा एकच दिवस होता आणि तो मी विसरणार नाही. गादीच्या हातात निळा मार्कर. आमच्या अंगात पांढरे टी-शर्ट. तो हॉलच्या टोकाला, आपण सात पावलांवर, आपल्याला माहीत आहे तो येणार. 1983 मध्ये अमेरिकेतल्या टुलर नावाच्या पोलिसानं मोजून दाखवलं होतं की सुरा घेतलेला माणूस 21 फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. आम्ही ते अंगावर मोजलं. चौदा जणी, चौदा निळे टी-शर्ट. निवृत्त बाईंच्या मानेवर कानापासून गळ्यापर्यंत एक सरळ रेघ होती, त्या आरशात ती बराच वेळ बघत राहिल्या. मॅडम म्हणाल्या, सुरा हिसकावून घ्यायचे व्हिडिओ बघत असाल तर आजपासून बंद करा. पर्स मागितली तर एका बाजूला लांब फेकायची आणि दुसऱ्या बाजूला पळायचं. हे एवढं स्पष्ट सांगणारा क्लास मला विश्वासाचा वाटला. त्यांच्याच इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीत मात्र 'खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी' लिहून सुरा हिसकावतानाचा फोटो आहे. विचारलं तर म्हणाल्या, "जाहिरात पुतण्या करतो."

कायद्याचा एक तास झाला, एक वकीलबाई आल्या होत्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाची. अधिकार आहे, पण गरजेपुरता. धोका टळल्यावर, तो खाली पडल्यावर, राग आला म्हणून चार लाथा जास्त घातल्या तर त्या संरक्षणात धरत नाहीत. जिवाची, गंभीर इजेची, बलात्काराची, अपहरणाची किंवा अॅसिडची भीती असेल तिथं मात्र हा अधिकार समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत जातो. चेन हिसकावण्याला आता 304 हे स्वतंत्र कलम आहे, हेही तिथंच कळलं. पेपर स्प्रेबद्दल विचारलं तर म्हणाल्या, जवळ ठेवा, पण तारीख बघा आणि वाऱ्याची दिशा बघा. लवंगी मिरची कुटताना जी उलटी हवा आली की घर रिकामं होतं, तेच रस्त्यावर होतं.

मनाच्या तयारीसाठी रंगांचा हिशोब शिकवला, मूळ जेफ कूपर नावाच्या अमेरिकी माजी सैनिकाचा. पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण जागा, नारिंगी म्हणजे काहीतरी खटकलंय, लाल म्हणजे आता करायचं. बाहेर असताना पिवळ्यात राहायचं. नारिंगीत आलात की मनात एक अट घालायची, 'हा आणखी दोन पावलं पुढं आला तर मी आवाज देणार.' अट आधी घातलेली असली की गोठायला वेळ मिळत नाही. मी रंकाळ्यावर पांढरी होते, शुभ्र.

सुरुवातीला माझा पिवळा रंग जरा भडकच झाला. मागच्या महिन्यात भवानी मंडपाजवळ एक माणूस झपाझप जवळ आला, "ताई, महाद्वार..." एवढंच म्हणाला आणि मी पाय मागं, तळवे समोर, "तिथनंच बोला!" त्याच्यामागं बायको, तिच्या कडेवर जावळ काढलेलं पोर. अंबाबाईच्या दर्शनाला आलेली माणसं. बिचारा थिजला. मी मग नीट रस्ता सांगितला, देवळाजवळ चप्पल कुठं ठेवायची तेही सांगितलं. हात मात्र वर केला नाही.

आता तक्रारी. कपडे बदलायला जागा नाही, पडदा लावलेला कोपरा आहे आणि पडदा तोकडा आहे. मॅट आठवड्यातून एकदाच पुसतात. पाचव्या आठवड्यात गादी गावी गेला होता, त्याच्या बदली आलेल्या जिमवाल्या पोरानं ताकद दाखवायच्या नादात माझं मनगट असं पिरगाळलं की दहा दिवस डाव्या हातानं नोटा मोजल्या. मॅडमनी माफी मागितली, त्यानं नाही. सरावात 'थांब' म्हटल्यावर थांबायचं हे आधी त्या पोराला शिकवायला हवं होतं.

आणि एक मोठी उणीव. सगळा सराव अनोळखी माणसाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे बघा, बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी बाईच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण बहुतेक वर्षी 90 टक्क्यांच्या वर असतं. नातेवाईक, शेजारी, ओळखीतले. काउंटरवर पैसे घेताना मुद्दाम बोटं धरून ठेवणारा खातेदार मला चांगला माहीत आहे, त्याच्या एफडी आमच्याकडं आहेत. त्याच्यावर 'मागं सर' कसं म्हणायचं, याचा एकही दिवस नव्हता. मॅडमना सांगितलं, पुढच्या बॅचला घालू म्हणाल्या. मी माझ्यापुरता प्रयोग केला. परवा त्यानं पुन्हा हात धरला, मी श्वास सोडला आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "नोट सोडा, हात सोडा, पावती घ्या." साहेब केबिनमधून बाहेर आले. खातेदार आता शेजारच्या काउंटरला जातो. तिथल्या मुलीलाही मी या क्लासचा पत्ता दिलाय.

पाचपैकी चार. अर्धा पडद्याचा कापला, अर्धा मनगटाचा.

जाणार असाल तर स्वतःचा नॅपकिन न्या, पाण्याची बाटली न्या, गाडी गिरणीच्या दारात लावू नका, काका चिडतात. एक दिवस फुकट बसू देतात. फक्त पहिला दिवस सोमवारी नको. सोमवारी गिरण बंद असते, आपला आवाज किती बारीक निघतो ते सगळ्या गल्लीला ऐकू जातं.